थडगे उघडायची घाई कुणाला?

बीजिंगच्या सहलीतला एक दिवस ठरलेला असतो. सकाळी बादालिंगला चीनची भिंत, दुपारी मिंग बादशहांची तेरा थडगी, मध्ये जेवण आणि जेडच्या दुकानात तासभर. हा दुकानाचा तास सहसा चुकत नाही, त्यामुळे थडग्यांच्या वाट्याला चाळीस-पन्नास मिनिटे उरतात. तेवढ्यात तेरापैकी एकच थडगे उरकता येते, आणि बहुतेक वेळा ते दिंगलिंग असते, कारण तिथे खाली उतरता येते. वरून बघण्याने पैसे वसूल होत नाहीत, आत गेले की होतात, असा हा हिशेब आहे. ऑक्टोबर 2025 पासून भारत-चीन थेट विमाने पुन्हा उडू लागली आहेत. मुंबई-पुण्याकडची माणसेही आता तिकडे जास्त जातील, म्हणून हा हिशेब एकदा तपासून बघायला हवा. माझ्या मते तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत त्या तळघराने आधीच मोजली आहे.

दिंगलिंगच्या तळघरात काय दिसते ते आधी सांगतो. जमिनीखाली 27 मीटर, म्हणजे सात-आठ मजले जिने उतरायचे. मे महिन्यातही खाली अंगावर गारवा येतो आणि ओल्या दगडाचा वास येतो. दगडी कमानींच्या पाच दालनांचे मिळून क्षेत्रफळ 1195 चौरस मीटर. मधल्या दालनात संगमरवराची तीन आसने आणि त्यांच्यापुढे निळ्या नक्षीचे चिनी मातीचे मोठे रांजण. या रांजणांत तेल भरून वात लावलेली होती. ते नंदादीप म्हणून ठेवले होते, पण दार बंद झाल्यावर आतला प्राणवायू संपला आणि तेल शिल्लक असतानाच दिवे विझले. शेवटच्या दालनात ओट्यावर लाल रंगाच्या तीन मोठ्या शवपेट्या आणि आजूबाजूला लाल खोकी. आसनांवर आणि पेट्यांभोवती लोकांनी टाकलेल्या नोटांचा खच असतो.

या पेट्या प्रतिकृती आहेत. त्यांत कुणी नाही.

दिंगलिंग हे मिंग घराण्यातल्या वानली बादशहाचे थडगे. तो 1572 मध्ये गादीवर आला आणि 1620 मध्ये वारला. थडगे त्याने हयातीतच बांधून घेतले. 1584 ते 1590 अशी सहा वर्षे काम चालले आणि 80 लाख ल्यांग चांदी खर्च झाली. एक ल्यांग सुमारे 37 ग्रॅमचा धरला तर ही चांदी जवळजवळ तीनशे टन होते. थडगे तयार होते, पण मालक आणखी तीस वर्षे जगला. तोवर भुयार मातीने बुजवून ठेवावे लागले, आणि बुजवलेले दार वेळ येईल तेव्हा नेमके सापडावे म्हणून कारागिरांनी एक छोटी शिळा पुरून ठेवली. तिच्यावर कोरले होते: या दगडापासून वज्रभिंतीपर्यंत, म्हणजे भुयाराचे तोंड बंद करणाऱ्या भिंतीपर्यंत, 16 च्यांग, खोली साडेतीन च्यांग. आजच्या मापात साधारण 51 मीटर आणि 11 मीटर. घरच्यांसाठी ठेवलेली ही खूण 1956 मध्ये उत्खनन करणाऱ्यांच्या हाती लागली.

खरे तर त्यांना दिंगलिंग उघडायचेच नव्हते. मिंग काळाचे इतिहासकार असलेले बीजिंगचे उपमहापौर वू हान आणि चीनच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष क्वो मोरुओ या दोघांचा डोळा चांगलिंगवर होता. ते या खोऱ्यातले पहिले आणि सर्वांत मोठे थडगे, योंगल बादशहाचे. पुरातत्त्वज्ञ शिया नाय आणि टागोरांच्या कविता चिनीत आणणारे जंग जनदुओ यांनी विरोध केला. सापडलेल्या वस्तू टिकवण्याचे तंत्र आपल्याजवळ नाही, एवढाच त्यांचा मुद्दा होता. विरोध फेटाळला गेला. चांगलिंगचे दार शोधून सापडेना, तेव्हा सरावासाठी म्हणून दिंगलिंग हाती घेतले. तिथल्या वर्तुळाकार तटाच्या काही विटा निसटून आतली कमान दिसू लागली होती, म्हणून मे 1956 मध्ये तिथेच पहिला चर खणला. सप्टेंबरात ती शिळा मिळाली आणि 1957 च्या मेमध्ये वज्रभिंत गाठली.

पुढची दारे संगमरवराची. एकेक झडप सव्वातीन मीटर उंच आणि सुमारे 4 टन वजनाची, बिजागरीकडे जाड आणि मिटणाऱ्या कडेला पातळ, म्हणजे भार बिजागरीशी राहील आणि दार फिरवायला हलके जाईल. दाराच्या आत फरशीत एक खाच असते आणि तिच्यात एक उभा दगड तिरका टेकवलेला असतो. माणसे बाहेर पडून झडपा ओढून घेतात, तसा हा दगड सरकत येतो आणि वरच्या टोकाने दाराच्या उंचवट्यात अडकतो. कुलूप नाही, किल्ली नाही, आत माणूसही नाही, तरी अडसर लागतो. उत्खनन करणाऱ्यांनी दोन झडपांच्या फटीतून वाकवलेली सळई आत घातली, दगडाची मान पकडली आणि हळूहळू त्याला उभे केले. दार उघडले. कसब दोन्ही बाजूंचे थोर, यात वाद नाही.

घोटाळा झाला तो दार उघडल्यानंतर. आत सुमारे 3000 वस्तू होत्या, आणि त्यांत सोन्यापेक्षा महत्त्वाचे होते रेशीम: राजवस्त्रे, अंथरुणे आणि ठाणांच्या रांगा. रेशीम म्हणजे प्रथिनाचा धागा. अंधार, जवळजवळ शून्य प्राणवायू, वर्षभर तीच थंडी आणि तीच ओल, एवढे मिळाले तर ते शतकानुशतके तग धरते. पण त्या काळात आतून ते खिळखिळे झालेले असते आणि त्याचा आकार केवळ त्या ओलीने धरून ठेवलेला असतो. बाहेरची हवा लागली की पाणी उडते, धागा आक्रसतो, उजेडाने रंग जातो आणि उरलेल्या ओलीवर बुरशी धरते. अशा कापडाला पहिल्या तासापासून ओलावा राखलेली बंद खोली लागते, एकेक घडी सोडवायला आठवडे लागतात आणि हात थोडे व शिकलेले लागतात. दिंगलिंगला यातले काही नव्हते. कापड ताठ राहावे म्हणून ते ॲक्रिलिकच्या पत्र्यांवर चिकटवले आणि वरून प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या रसायनाचा हात दिला. ते रसायन काही काळाने कडक झाले, कापड काळवंडले आणि हात लावताच मोडू लागले. त्यातच 1957-58 ची राजकीय मोहीम आली आणि नोंदी करणारी माणसे सभांना आणि मजुरीला धाडली गेली. उत्खननाचा सविस्तर अहवाल छापून यायला 1990 उजाडले.

हे आपल्याला अगदीच परके नाही. अजिंठ्याच्या चित्रांवर 1920 च्या सुमारास निजाम सरकारने आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी शेलॅकचा लेप दिला. हेतू चांगला होता आणि त्या काळी तीच पद्धत मानली जात होती. पुढे तो लेप पिवळा पडला, त्यावर धूळ धरली, आणि तो काढण्यात पुरातत्त्व खात्याची वर्षानुवर्षे गेली. फरक एवढाच की भिंतीवरचा लेप काढता येतो. मोडलेले रेशीम परत विणता येत नाही.

दिंगलिंगचे संग्रहालय 1959 मध्ये उघडले. नव्या कोऱ्या प्रतिकृती मांडल्या आणि मूळ नानमू लाकडाच्या शवपेट्या अडगळ म्हणून तटाबाहेर फेकून दिल्या. बादशहा आणि त्याच्या दोन राण्या यांची हाडे कोठारात राहिली. ऑगस्ट 1966 मध्ये सांस्कृतिक क्रांतीतल्या लाल रक्षकांनी ती अंगणात आणून फोडली आणि जाळली. वू हान यांचा त्याच लाटेत तुरुंगात, 1969 मध्ये, अंत झाला. उत्खननाला विरोध केलेल्यांना बरोबर ठरल्याचा आनंद झाला असेल असे वाटत नाही.

यावर ठरलेले उत्तर असते: तो जमाना वेगळा होता, आता तंत्र पुढे गेले आहे. शीआनच्या परिसरात तर ही मागणी अधूनमधून वर येतेच. चीनचा पहिला सम्राट छिन शिहुआंग याच्या थडग्याचा ढिगारा उघडा, नाहीतर निदान तांग घराण्याचे छ्यानलिंग तरी उघडा. छ्यानलिंगमध्ये सम्राट काओत्सोंग आणि त्याची राणी, पुढे स्वतःच सम्राज्ञी झालेली वू जत्येन, दोघेही आहेत. त्याचे भुयार 1958 मध्ये शेतकऱ्यांनी दगडासाठी सुरुंग लावले तेव्हा उघडे पडले. शिळांच्या सांध्यांत लोखंडी पट्ट्या ठोकून वर वितळलेले लोखंड ओतलेले होते आणि कुणी चोर आत गेल्याची खूण नव्हती. क्वो मोरुओ यांनी पुन्हा परवानगी मागितली, पण दिंगलिंगचा अनुभव ताजा असल्याने सरकारने ती नाकारली. बादशाही थडगी केवळ कुतूहलापोटी उघडायची नाहीत, हे चीनचे धोरण तेव्हापासून आहे. इतर अनेक बाबतींत त्या सरकारशी आपले पटत नसले तरी या बाबतीत ते शहाणे ठरले आहे, एवढे कबूल करावे लागते.

तंत्र पुढे गेले आहे, हे अर्धेच खरे आहे. छिन शिहुआंगच्या थडग्याजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांचे बघा. 1974 मध्ये विहीर खणताना ते सापडले. आज राखाडी दिसणारे हे सैनिक पुरले तेव्हा रंगीत होते: गुलाबी चेहरे, लाल आणि हिरवे अंगरखे, जांभळ्या विजारी. भाजलेल्या मातीवर आधी झाडाच्या चिकापासून केलेल्या लॅकरचा थर आणि त्यावर रंग, अशी पद्धत होती. दोन हजार वर्षे ओल्या मातीत राहिलेला हा लॅकर हवेतल्या कोरडेपणाने काही मिनिटांत वाळतो, वाळलेल्या पानासारखा गुंडाळतो आणि रंग घेऊन गळून पडतो. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या संवर्धकांसोबत कित्येक वर्षे काम केल्यावर त्यावर उपाय निघाला. मूर्ती मातीतून बाहेर येताच पॉलिइथिलिन ग्लायकॉलने भिजवून लॅकरमधल्या पाण्याची जागा भरून काढायची. हा उपाय चालतो. पण तो सापडेपर्यंत पहिल्या खड्ड्यातल्या शेकडो सैनिकांचे रंग गेलेले होते. ज्या वस्तूवर तंत्र शिकलो, तिचाच बळी गेला. खुद्द सम्राटाच्या ढिगाऱ्यात काय प्रकारची वस्तू आहे हे माहीत नाही, मग तिच्यासाठीचे तंत्र आधीच तयार कसे असेल? सम्राट इ.स.पू. 210 मध्ये वारला. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी इतिहासकार सिमा छियान याने लिहिले की आत पाऱ्याच्या नद्या वाहत्या केल्या होत्या. 1981 च्या तपासणीत ढिगाऱ्याच्या मातीत पाऱ्याचे प्रमाण खरोखरच चढे निघाले. हे कळायला मातीचे नमुने पुरले, दार फोडावे लागले नाही.

आणि तंत्र, पैसा, शिस्त हे सगळे असूनही काय होते ते जपानमधल्या आसुका गावात दिसते. ताकामात्सुझुका नावाच्या छोट्या ढिगाऱ्यातली दगडी खोली 1972 मध्ये उघडली आणि आत तेराशे वर्षांपूर्वीची रंगीत स्त्री-पुरुषांची चित्रे निघाली. ती खोली लगेच बंद झाली. पर्यटकांना आत सोडलेच नाही, बाहेर हवामान राखणारी यंत्रणा बसवली, फक्त तपासणीला माणसे जात. तरी बुरशी आली. बुरशी मारायला औषधे मारली, ती औषधेही पुढे त्रासाची ठरली. शेवटी 2007 मध्ये खोलीचे दगड एकेक सुटे करून सगळी खोलीच बाहेर काढावी लागली. जपान्यांच्या नेटकेपणाची आपल्याकडे उदाहरणे देतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

मग कधीच उघडू नये का? तसेही नाही, आणि इथे न-उघडण्याच्या बाजूच्या लोकांनीही प्रामाणिक राहायला हवे. बंद थडगे सुरक्षित असतेच असे नाही. 2011 मध्ये च्यांगशी प्रांतात नानछांगजवळ चोरांनी एका ढिगाऱ्यात खोल विवर पाडल्याचे गावकऱ्यांच्या लक्षात आले. ते थडगे ल्यो ह याचे निघाले. हान घराण्याच्या गादीवर इ.स.पू. 74 मध्ये हा फक्त 27 दिवस बसला होता, नंतर त्याला उतरवले आणि पुढे हायहुनचा सरदार करून दूर पाठवले. तिथे खणणे भागच होते, नाहीतर चोर परत आले असते. आधी सगळा परिसर मोजला, वर छप्पर घातले, शेजारीच प्रयोगशाळा उभारली, नाजूक भाग मातीच्या ठोकळ्यासकट उचलून आत नेले आणि तिथे सावकाश सोडवले. शंभर किलोच्या वर सोने निघाले, ते वर्तमानपत्रांत गाजले. जाणकारांना अप्रूप होते पाच हजारांहून अधिक लेखी बांबूपट्ट्यांचे. त्या चिखलात चिकटलेल्या होत्या आणि एकेक सुटी करावी लागली. म्हणजे कसोटी सरळ आहे. चोर, पूर, धरण, रस्ता यांतले काही अंगावर आले असेल तर खणा, आणि खणण्याआधी प्रयोगशाळा बांधा. पर्यटन वाढावे म्हणून खणायचे असेल तर नको.

पर्यटन वाढावे म्हणून खणा, असे म्हणणारे मात्र तुमच्या-आमच्यासारख्या पर्यटकांच्याच बळावर बोलतात. दिंगलिंगच्या जिन्यावरची रांग हीच त्यांची आकडेवारी. चांगलिंग रिकामे आणि दिंगलिंग भरलेले, एवढे दाखवले की आणखी एखादे तळघर उघडा म्हणायला जागा होते. म्हणून आपण कुठे जातो हा निव्वळ आवडीचा प्रश्न राहत नाही.

जायचे कसे, तर सर्वांत आधी भिंत आणि थडगी एका दिवसात कोंबू नका. खोरे बीजिंगच्या मध्यापासून सुमारे 50 किलोमीटर उत्तरेला, छांगपिंग जिल्ह्यात आहे. मेट्रोच्या छांगपिंग मार्गावर थडग्यांच्या नावाचे स्टेशन आहे, पण नावावर जाऊ नका. तिथून थडगी काही किलोमीटर दूर आहेत, पुढे बस किंवा टॅक्सी लागते. तशंगमनहून 872 क्रमांकाची बस थेट जाते. तिकिटासाठी पासपोर्ट जवळ हवा, फोनमधला फोटो चालेल या भरवशावर राहू नका.

सुरुवात पवित्र मार्गापासून करा आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे चाला. बादशहाची अंत्ययात्रा त्याच दिशेने जाई. बसवाले पुष्कळदा उलट्या टोकाला सोडतात, मग सगळे प्राणी पाठमोरे भेटत जातात. शिळास्तंभाच्या मंडपापुढे 12 जोड्या प्राण्यांच्या आणि 6 जोड्या माणसांच्या: सिंह, उंट, हत्ती, घोडा आणि दंतकथांतले एकशिंगी शिएची व छीलिन. प्रत्येकाची एक जोडी बसलेली आणि एक उभी. हत्तीपुढे जरा थांबा. गुडघे कसे मुडपतात ते बघा आणि आपल्या देवळांतल्या हत्तीशी ताडून पाहा. तिथले घडणारे हत्तीला चांगले ओळखत होते. तिथून चांगलिंग चार-पाच किलोमीटर, ते पायी करू नका.

चांगलिंगला दीड ते दोन तास ठेवा. 1409 मध्ये काम सुरू झालेल्या या थडग्याचे मोठे दालन 60 नानमू खांबांवर उभे आहे. मधले खांब 1.17 मीटर व्यासाचे, एकसंध खोडाचे, रंग न दिलेले. ही झाडे नैऋत्येच्या डोंगरांतून नद्यांनी आणि कालव्याने आणली होती. खांबाजवळ उभे राहून वर बघा, लाकडाच्या रेषा तिरप्या उजेडात सोनेरी दिसतात, म्हणून त्याला सोनतारी नानमू म्हणतात. दिंगलिंगमधून निघालेल्या काही वस्तू याच दालनात मांडल्या आहेत. राणीचा नऊ ड्रॅगन आणि नऊ फिनिक्सचा मुकुट बघायचा असेल, तर तो थ्येनआनमन चौकाशेजारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. खंड्याच्या निळ्या पिसांचे काम आणि हजारो मोती, तिथे काचेपलीकडे वीतभर अंतरावरून दिसतात. वस्तू बघायची ओढ असेल तर ती तिथे भागते.

दालनामागे दगडी पूजेची पाच पात्रे, मग शिळेचा बुरूज आणि त्यामागे जवळजवळ एक किलोमीटर परिघाच्या तटात झाडांनी भरलेला ढिगारा. पुढे चौकोन, मागे वर्तुळ. या ढिगाऱ्याखाली योंगल आहे. त्याच्या मागे त्याच्या कित्येक उपस्त्रियांना जीव द्यावा लागला, आणि ही प्रथा 1464 मध्ये दुसऱ्या एका मिंग बादशहाच्या मृत्युपत्राने थांबली. हेही त्या ढिगाऱ्याबद्दल माहीत असावे, नुसते नानमूचे कौतुक करून निघू नये.

तरीही खाली उतरायचेच असेल, तर आधीच लुटलेले थडगे निवडा. बीजिंगच्या पूर्वेला सव्वाशे किलोमीटरवर छिंग घराण्याची पूर्व थडगी आहेत. 1928 मध्ये सुन दियानयिंग या सेनापतीच्या सैनिकांनी तिथे सुरुंग लावून छ्यानलोंग बादशहाचे आणि राजमाता त्सशीचे भुयार फोडले आणि लुटले. तिथे आता आपल्या जाण्याने नवे दार फुटत नाही. छ्यानलोंगच्या युलिंगमध्ये दगडी दारांवर बोधिसत्त्व कोरलेले आहेत, आणि भिंती-छतांवर तिबेटी लिपीतल्या हजारो अक्षरांबरोबर लांत्सा लिपीतली सहाशेहून अधिक संस्कृत अक्षरे. लांत्सा म्हणजे नेपाळातली रंजना. देवनागरी वाचणाऱ्याला ती सलग वाचता येत नाही, पण दोन-चार अक्षरांशी ओळख लागते. खिशात छोटी विजेरी ठेवा, फ्लॅश नको. नोटा टाकू नका.

तेरा थडग्यांचे गाइड परत निघताना एका उंबरठ्याशी थांबवतात आणि सांगतात, इथून बाहेर पडताना मोठ्याने म्हणा: वो हुइलाय ल, मी परत आलो. मेलेल्यांच्या हद्दीतून जित्यांच्या हद्दीत आल्याची ती वर्दी. मसणवटीतून आल्यावर दारात पाय धुणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.